फलकावरचा ‘मी’ : गायकाचे एकल आत्मनिवेदन आणि विठाबाई नारायणगावकर

१

कलावंताचे आत्मचरित्र हा मराठी वाङ्मयातला जुना आणि वाचकप्रिय प्रकार आहे. गणपतराव बोडस यांच्या ‘माझी भूमिका’पासून दुर्गा खोटे यांच्या ‘मी, दुर्गा खोटे’पर्यंत त्याची एक परंपराच दाखवता येते. मात्र या प्रकाराचा विचार बहुधा ग्रंथरूपापुरता मर्यादित राहिला आहे. कलावंताने आपले आयुष्य छापील पानावर न मांडता, ज्या रंगमंचाने त्याला घडवले त्याच रंगमंचावर एकट्याने उभे राहून प्रेक्षकांना सांगितले, तर त्या निवेदनातल्या ‘मी’चे स्वरूप कसे राहते? लेखनात ‘मी’ हा निवेदक असतो. रंगमंचावर उच्चारला गेलेला ‘मी’ त्याच क्षणी भूमिकाही होतो. पुढे तो प्रयोग चित्रपटात बंदिस्त झाला, की दर रात्री नव्याने उच्चारला जाणारा हा ‘मी’ कायमचा एकाच रात्रीचा होऊन बसतो. आत्मचरित्र, नाट्यप्रयोग आणि चित्रपट या तिघांच्या सीमेवरचा हा रूपबंध आहे.

त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन या रॉक गायकाने २०१६ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यावर आधारलेला एकल प्रयोग ऑक्टोबर २०१७ पासून न्यूयॉर्कच्या वॉल्टर केर नाट्यगृहात सुरू केला. डिसेंबर २०१८ पर्यंत त्याचे २३६ प्रयोग झाले. जुलै २०१८ मध्ये निमंत्रित प्रेक्षकांसमोर तो चित्रित करण्यात आला. थॉम झिम्नी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी नेटफ्लिक्सवर आला. मैदाने भरून टाकणारा गायक हजाराहून कमी आसनांच्या नाट्यगृहात, जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर, एक गिटार आणि एक पियानो एवढ्या सामग्रीनिशी बालपण, वडील, आई, गाव, मित्रांचे मृत्यू सांगतो आणि मधूनमधून आपलीच गाणी गातो. ती गाणी येथे करमणुकीची राहत नाहीत. निवेदनाचे पुरावे म्हणून येतात.

या प्रयोगातला सर्वांत अर्थपूर्ण भाग आरंभीच येतो. कारखान्यातला कामगार, हमरस्ता, गाव सोडून निघून जाण्याची ओढ यांवर ज्याने आयुष्यभर गाणी लिहिली, तो गायक कबूल करतो, की आपण कधी कारखान्यात पाऊल ठेवलेले नाही, ठरावीक तासांची नोकरी केलेली नाही, हे सगळे आपण रचलेले आहे. गाव सोडण्याची गाणी लिहिणारा हा माणूस आज जन्मगावापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. कामगाराचे कपडे मुळात वडिलांचे; मुलाने ते रंगमंचावर अंगावर चढवले आणि वडिलांचा आवाज आपला म्हणून वापरला. या कबुलीने प्रेक्षकांचा विश्वास उडत नाही, उलट दृढ होतो. मुखवटा हा मुखवटा होता असे सांगणारा माणूस खरा वाटू लागतो. आत्मनिवेदनाची ही युक्ती फार प्रभावी आहे. पण ती कोणाला परवडते, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

२

तो प्रश्न मराठीत विचारायचा, तर समोर काय दिसते? एकपात्री प्रयोगाची परंपरा मराठीला नवी नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये अख्खे गाव एका देहात सामावले. पण या प्रयोगांचे सामर्थ्य एकाने अनेक होण्यात आहे. एकाने ‘स्वतः’ होण्याची आकांक्षा त्यांत नाही. शिवाय त्या प्रयोगांचा प्रेक्षक मुख्यतः नाट्यगृहात येणारा मध्यमवर्गीय होता. मोठ्या जनसमुदायासमोर गाणारा, सतत रस्त्यावर असणारा, कष्टकऱ्यांच्या करमणुकीवर जगणारा गायक शोधायचा, तर तमाशाकडेच वळावे लागते. आणि तमाशाकडे वळले, की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावाशी थांबावे लागते.

जुन्नर तालुक्यातले हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्रातल्या यात्रांचा हंगाम जवळ आला, की राज्यातले फड येथे आपापल्या राहुट्या उभारतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतल्या आणि पलीकडे नगर-नाशिककडच्या गावांचे कारभारी येतात, राहुट्यांवरचे फलक वाचतात, कोणत्या तिथीला कोणता फड मोकळा आहे याची चौकशी करतात आणि घासाघीस होऊन सुपारी दिली जाते. फडमालकाने कलावंतांना दिलेली उचल, कलावंतांनी तिच्या बदल्यात बांधून घेतलेला हंगाम, गावाने फडाशी केलेला करार अशा व्यवहारांच्या साखळीवर तमाशा उभा असतो. फ्रेंच समीक्षक फिलिप लेज्यून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राची मीमांसा करताना ‘करारा’चीच संकल्पना वापरली होती. लेखक, निवेदक आणि नायक हे एकाच नावाचे आहेत, असा लेखकाने वाचकाशी केलेला करार म्हणजे आत्मचरित्र, असे त्यांचे प्रतिपादन. नारायणगावच्या राहुटीत होणारा करार आणि लेज्यून यांचा करार यांच्यामध्ये जे अंतर आहे, तोच येथे विचाराचा विषय आहे.

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. त्या फडात वाढलेल्या विठाबाई पुढे स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या त्यांच्या रूढ नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि गाव असे चार घटक आहेत. एका अर्थाने हे चार शब्दांतले आत्मचरित्र आहे. पण ते तृतीयपुरुषी आहे. करारासाठी आलेल्या गावकऱ्याला कलावंताची ओळख पटावी, एवढाच त्याचा हेतू. लेज्यून यांच्या करारात नाव हे ‘मी’च्या सत्यतेची हमी असते, फलकावरचे नाव ही फडाच्या लौकिकाची हमी असते. ‘मी’ त्या नावामागे झाकलेलाच राहतो.

३

रंगमंचावर मात्र विठाबाई रोज रात्री ‘मी’ म्हणत होत्या. लावणी हा प्रथमपुरुषी रचनाप्रकार आहे. तिच्यात बोलणारी असते ती स्त्री. पण हा ‘मी’ कोणाचा? होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांच्या लावण्यांतली स्त्री पुरुषांनी रचलेली आहे. अखेरच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा येते आणि इतका वेळ बोलणाऱ्या स्त्रीच्या मागून तिचा कर्ता पुढे येऊन उभा राहतो. एवढेच नव्हे, तर प्रारंभीच्या तमाशात ही स्त्री उभी करणाराही नाच्या पोऱ्याच होता. म्हणजे तमाशातला स्त्रीचा ‘मी’ प्रत्यक्ष स्त्री तेथे येण्यापूर्वीच तयार झालेला होता. पुढे स्त्री फडावर आली, ती या आधीच शिवून ठेवलेल्या वस्त्रात.

येथे स्प्रिंगस्टीन यांच्या उदाहरणाशी एक फसवे साम्य दिसते. तेही दुसऱ्याचे कपडे घालून ‘मी’ म्हणाले, विठाबाईही म्हणाल्या. फरक कपडे उतरवण्याच्या शक्यतेत आहे. कामगाराचा वेष आपला नव्हता, असे रॉक गायक सांगू शकतो. कारण वेष आणि व्यक्ती यांच्यातले अंतर समाजाने त्याच्यासाठी मान्य करून ठेवलेले आहे. तमाशातल्या स्त्रीच्या बाबतीत समाजाने हे अंतर कधी मानलेच नाही. लावणीतल्या नायिकेची वासना हीच गाणारीची वासना, नायिकेचे चारित्र्य हेच गाणारीचे चारित्र्य, असे प्रेक्षकाने, गावाने आणि सभ्य वाचकाने गृहीत धरले. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि मग सुधारणेसाठी समिती नेमली, तेव्हाही भूमिका आणि व्यक्ती यांची हीच सरमिसळ त्यामागे होती. शिवाय फलकावरची जात हा वेष नव्हता. तो रंगभूषेबरोबर उतरत नव्हता.

म्हणून या दोन गायकांच्या आत्मनिवेदनाची दिशाच परस्परविरुद्ध ठरते. एकाला सांगायचे आहे, की तुम्ही ज्याला माझे जीवन समजलात ती माझी कला होती. दुसरीला सांगावे लागले असते, की तुम्ही जिला माझी कला समजून पाहिलेत, तिच्यामागे माझे म्हणून एक जीवन होते. पहिले विधान चातुर्याचे आहे. दुसरे हक्काच्या मागणीचे आहे.

असे असले, तरी तमाशात कलावंताला स्वतःविषयी बोलायला जागाच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग या क्रमात बतावणीची जागा मुळातच मोकळी आहे. सोंगाड्या तेथे फडाच्या हालांवर, उचलीवर, गावाच्या कंजूषपणावर बोलतो. कलावंतीण प्रेक्षकांतून आलेल्या शेऱ्याला उत्तर देते. गवळणीतली मावशी रंगात आली, की पुराणातल्या मथुरेच्या बाजारात आजचा बाजारभाव येतो. मंचर किंवा घोडेगावच्या यात्रेतला प्रेक्षक या कलावंतांच्या दोन-तीन पिढ्या ओळखून असतो. त्याला हे आडून बोललेले बरोबर कळते. आत्मकथन येथे आहे, पण ते एकसंध नाही. ते फटींतून येते, एका रात्रीपुरते असते आणि ते कोणा एकाचे नसते. ढोलकीवाल्याची थाप आणि झीलकऱ्याचा ‘जी जी’ यांच्या आधाराशिवाय ते उच्चारताच येत नाही. रिकाम्या रंगमंचावर एकटा उभा असलेला माणूस म्हणजेच खरा ‘स्व’, ही कल्पना एका विशिष्ट संस्कृतीची आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ब्रॉडवेवरच्या त्या एकल प्रयोगातही दोन गाण्यांपुरती पत्नी पॅटी स्कॅल्फा येऊन सूर मिळवून जाते, हे विसरता येत नाही.

४

विठाबाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्यांनी मुलाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि त्या पुन्हा रंगमंचावर आल्या, असे सांगितले जाते. हा प्रसंग लेखांतून, भाषणांतून, गौरव समारंभांतून इतक्या वेळा आला आहे, की विठाबाई म्हणजे हा प्रसंग, असे समीकरण होऊन गेले आहे.

या कथेचा निवेदक कोण आहे, हे पाहण्यासारखे आहे. ती बहुतेक वेळा प्रेक्षकाच्या बाजूने सांगितली जाते. पडद्यामागे काय झाले ते प्रेक्षकाने पाहिलेले नसते. त्याने पाहिलेले असते ते कलावंतिणीचे जाणे आणि परत येणे. मधली पोकळी तो ‘कलेवरील निष्ठा’ या शब्दाने भरतो. त्या पोकळीत प्रत्यक्षात जे आहे, म्हणजे दगड, रक्त, हाताशी दुसरे काही नसणे, ते कथेत येते खरे, पण निष्ठेचे अलंकार म्हणून. प्रयोग थांबला असता तर सुपारीचे काय झाले असते, फडातल्या इतक्या माणसांच्या त्या दिवसाच्या भाकरीचे काय झाले असते, नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले, हे प्रश्न कथेच्या या रचनेत उपस्थितच होत नाहीत. राहुटीतला करार निष्ठेत रूपांतरित होतो आणि ऐकणारा सद्गदित होऊन मोकळा होतो.

हीच घटना प्रथमपुरुषात, सांगणारीच्या स्वतःच्या क्रमाने, रंगमंचावर आली असती, तर तिचा केंद्रबिंदू कोठे राहिला असता? परत रंगमंचावर येण्यात, की पडद्यामागच्या त्या अवधीत? रॉक गायकाच्या चित्रपटात प्रेक्षक फारसे दिसत नाहीत; कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, निवेदकाच्या विरामांना थांबू देतो, त्याच्या मौनालाही अर्थ देतो. कोणता प्रसंग किती वेळ सांगायचा, कोठे गप्प बसायचे, हे ठरवण्याची सत्ता निवेदकाकडे आहे. संहिता त्याची, गाणी त्याची, दिग्दर्शन त्याचे. विठाबाईंच्या कीर्तीला मर्यादा नव्हती. राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये त्यांचा गौरव झाला. त्यांच्याकडे नव्हती ती ही सत्ता. अखेरचे दिवस आर्थिक ओढाताणीत काढून १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. २००६ पासून राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ‘जीवनगौरव’ या शब्दात जीवन आहे. ते कोणी सांगायचे, हा प्रश्न मात्र त्या शब्दात नाही.

५

हा प्रश्न मराठीने अजिबात हाताळलेला नाही, असे नाही. तीन उदाहरणे तीन वेगळ्या वाटा दाखवतात.

पहिले हंसा वाडकर यांचे. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटात त्यांनी तमाशातल्या स्त्रीची भूमिका केली आणि १९७० मध्ये त्यांचे आत्मकथन ग्रंथरूपाने आले, तेही त्याच नावाने. अरुण साधू यांना त्यांनी ते तोंडी सांगितले होते. ज्या वाक्याने भूमिकेतली स्त्री प्रेक्षकांना बोलावत होती, त्याच वाक्याने व्यक्ती वाचकांना बोलावते. भूमिकेची भाषा परत मिळवून ती स्वतःसाठी वापरण्याचे हे मराठीतले विलक्षण उदाहरण आहे. पण वाडकर चित्रपटसृष्टीच्या होत्या. तमाशा ही त्यांच्यासाठी खरोखरच भूमिका होती. म्हणूनच त्यांना ती उलटवता आली.

दुसरे किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’चे. १९९४ मध्ये आलेल्या या आत्मकथनात आईचा फड मुलाच्या नजरेतून येतो. संगीतबारीतल्या कोल्हाटी स्त्रियांचे जग ढोलकी फडाच्या जगाहून वेगळे आहे. तरी प्रश्न तोच आहे. वडिलांचे नाव लावण्याच्या जागी आईचे नाव लावून मुलाने शांताबाईंना मुखपृष्ठावर आणले. ‘मी’ मात्र मुलाचाच राहिला, आणि आई त्या ‘मी’चे दुःख होऊन राहिली.

तिसरे उदाहरण येथल्या रूपबंधाच्या सर्वांत जवळचे आहे. सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’नंतर, तमाशातल्या स्त्रियांशी झालेल्या संवादांतून ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ हे एकपात्री नाटक उभे केले. तमाशातली स्त्री येथे एकटी उभी राहून, प्रेक्षकांकडे पाहून स्वतःचे आयुष्य सांगते. शीर्षकच बोलके आहे : पहिल्या भागात ‘तिची’ गोष्ट, दुसऱ्या भागात ‘माझ्या’ आठवणी, आणि आठवणींनाही ‘फड’ लागतो. तृतीयपुरुषाकडून प्रथमपुरुषाकडे जाण्याची धडपड त्या ‘अर्थात’मध्ये आहे. लेज्यून यांचा करार येथे पाळला जात नाही, कारण बोलणारा देह एका नटीचा आहे आणि आयुष्य दुसरीचे, किंबहुना अनेकींचे. पण या उणिवेतच त्याचे मोल आहे. एकीच्या तोंडून अनेकींनी बोलणे हे तमाशाच्या समूहस्वभावाला धरूनच आहे. जी स्त्री स्वतः तेथे उभी राहू शकली नाही, तिच्या अनुपस्थितीची जाणीवही हा प्रयोग पुसून टाकत नाही.

६

यावरून एक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, की तमाशातल्या गायिकेलाही रिकामा रंगमंच, एक खुर्ची आणि जवळचा कॅमेरा मिळाला असता, तर न्याय झाला असता. तो मोह आवरला पाहिजे. पुरुष गायकाच्या चेहऱ्याजवळ गेलेला कॅमेरा विश्वास निर्माण करतो. तमाशातल्या स्त्रीला जवळून पाहण्याची मागणी प्रेक्षागारातून पिढ्यानुपिढ्या होतच आली आहे. दौलतजादा हे त्याच जवळिकीचे मोल होते. तिच्यासाठी जवळून पाहिले जाणे ही मुक्ती नव्हे. ते तिचे रोजचे काम होते. म्हणून तिच्या आत्मनिवेदनाची चौकट कदाचित रुंद असावी लागेल : तीत ढोलकीवाला दिसावा, तुणतुणे धरलेला सुरत्या दिसावा, पाल ठोकणारे आणि स्वयंपाक करणारे दिसावेत, रात्रीच्या खेळानंतर ट्रकमध्ये भरले जाणारे सामान दिसावे. तिचा ‘मी’ या सगळ्यांना वगळून सांगितला, तर तो खोटा ठरेल. त्यांच्यात बुडवून टाकला, तर तो पुन्हा हरवेल. हा तोल साधणे ही दिग्दर्शकाच्या कौशल्याची बाब आहे, त्याहून अधिक निवेदनाची सत्ता कोणाकडे राहते याची आहे.

समीक्षेचे काम येथे दुहेरी आहे. आत्मचरित्राची व्याख्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाशी बांधून ठेवली, तर जुन्नर-आंबेगावच्या यात्रांतून दीडशे-दोनशे रात्री उभ्या राहणाऱ्या बायका आत्मचरित्र नसलेल्या ठरतात. आणि त्यांच्याविषयीच्या दंतकथाच त्यांचे चरित्र म्हणून शिल्लक राहतात. त्याऐवजी फलक, सुपारीचा कागद, बतावणीतले उत्स्फूर्त वाक्य, एकाच प्रसंगाची निरनिराळ्या सांगणाऱ्यांनी केलेली कथने या सगळ्यांकडे आत्मनिवेदनाचे विखुरलेले अवशेष म्हणून पाहता येईल. विद्यापीठांत लोकनाट्याच्या अभ्यासाला जागा आहे, आत्मचरित्राच्या अभ्यासालाही आहे; या दोन प्रश्नपत्रिकांच्या मध्ये विठाबाई उभ्या आहेत.

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांचा फड पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाने उभा राहिला. भाऊ-बापूंपासून विठाबाईंपर्यंत आणि तेथून मंगलाबाईंपर्यंत फलकावरची अक्षरे बदलत गेली. या बदलाची नोंद कोणत्याही आत्मचरित्राच्या सूचीत नाही; गावचा करार करायला आलेला माणूस ती वाचतो आणि आत जाऊन तारीख विचारतो.